शिस्त चुकली की हिशेब?

२०२४ च्या जून महिन्याचा पहिला आठवडा भारतीय शेअर बाजाराच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. लोकसभा निवडणुकीचे शेवटचे मतदान १ जूनला, शनिवारी संपले आणि त्याच सायंकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला प्रचंड बहुमत बहाल करून टाकले. सोमवारी बाजाराने या अंदाजांवर विश्वास टाकला व निफ्टी हा निर्देशांक सव्वातीन टक्क्यांनी वाढून २३,२६३ वर बंद झाला. मंगळवारी प्रत्यक्ष मतमोजणीने ते अंदाज खोटे ठरवले. निर्देशांक जवळजवळ सहा टक्क्यांनी कोसळून २१,८८४ वर आला. बुधवारी तो पुन्हा तीन टक्क्यांहून अधिक उसळला, गुरुवारी २२,८२१ वर पोचला आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९० वर बंद झाला. सोमवारी ज्याने निर्देशांकातील समभाग घेऊन ठेवले आणि आठवडाभर वर्तमानपत्रही उघडले नाही, त्याचे शुक्रवारी काहीच बिघडलेले नव्हते. परंतु ज्याने सोमवारी त्याच निर्देशांकाचा साप्ताहिक मुदतीचा कॉल ऑप्शन विकत घेतला होता, त्याची मुदत गुरुवारीच संपली. बाजार शुक्रवारी परत आला. त्याचे पैसे परत येण्याचा मार्ग मात्र आदल्या दिवशीच बंद झाला होता.

असे सौदे करणारे लोक केवळ दलाल स्ट्रीटवरचे मुरब्बी सटोडिये आहेत, अशी समजूत आता बाळगता येणार नाही. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतल्या होत्या. पाऊणशे टक्के व्यक्तींनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांहून कमी असल्याचे नोंदवले होते आणि ७० टक्क्यांहून अधिक लोक देशातील पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. याचा अर्थ उघड आहे. तालुक्याच्या गावचा शिक्षक, कचेरीतला कारकून आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी हाच आता या बाजारातला मोठा वर्ग झाला आहे.

या वर्गाला तोटा झाला की एक उपदेश हमखास ऐकवला जातो. बुडालेल्या सौद्याची चिकित्सा करा, चूक कोठे झाली ती वहीत लिहून काढा, पुढच्या वेळी शिस्त पाळा, म्हणजे यश मिळेल, असा तो उपदेश असतो. वरवर पाहता यात वावगे काही नाही. आपल्या चुकीची नोंद ठेवणे हे कोणत्याही व्यवसायात शहाणपणाचेच लक्षण मानले जाते. प्रश्न एवढाच आहे की, ही चिकित्सा प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेली तर ती नेमकी कोठे जाऊन पोचते?

एका सौद्याचा पंचनामा

वर वर्णिलेल्या आठवड्यातला एक प्रातिनिधिक सौदा हिशेबासाठी घेता येईल. सोमवारी बाजार बंद होण्याच्या सुमारास एखाद्या शिक्षकाने निफ्टीचा २३,३०० चा कॉल घेतला, असे समजू. कॉल म्हणजे ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत. घराच्या व्यवहारात विसार दिला जातो, तो निदान पुढे किमतीत वळता होतो. ऑप्शनचा प्रीमियम तसाही वळता होत नाही. सोयीसाठी हा प्रीमियम ३०० रुपये धरू. त्या वेळी निफ्टीचा लॉट २५ चा होता. दोन लॉटचे मिळून १५,००० रुपये झाले.

मंगळवारी दुपारपर्यंत या कॉलमध्ये जीव उरला नाही. मग शिक्षकाने, बाजार आता कोसळणारच, तेव्हा गेलेले पैसे तिकडून काढू, अशा विचाराने भीतीच्या ऐन भरात पुट विकत घेतला, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क घेतला. त्यासाठी आणखी १५,००० गेले. बुधवारी बाजार उसळला. शिवाय बाजाराच्या भावी चढउतारांचा अंदाज दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स हा निर्देशांक त्या एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक घसरला. भीती ओसरली, की ऑप्शनच्या प्रीमियममधला भीतीचा अंशही ओसरतो. पुटचे मोल दोन्ही अंगांनी आटले. वर जाणारा बाजार आणि खाली जाणारा बाजार या दोहोंवर एकाच आठवड्यात पैसे लावून दोन्हीकडे तोटा पदरी आला.

यानंतर वहीत जी नोंद होते ती बहुधा अशी असते: "तोट्याची मर्यादा आधी ठरवली नाही. भावनेच्या भरात दुसरा सौदा केला. शिस्त चुकली." ही नोंद खोटी नाही. प्रीमियम निम्म्यावर येताच बाहेर पडावयाचे, असा नियम पाळला असता आणि तेवढा भाव हाती लागला असता, तर पहिल्या सौद्यातील तोटा साडेसात हजारांवर थांबला असता. दुसरा सौदा न करण्याचा निग्रह असता तर दुसरे पंधरा हजार वाचले असते. तीस हजारांऐवजी साडेसात हजार हा फरक लहान नव्हे. ज्याच्या घरात महिनाअखेरीला हात आखडता घ्यावा लागतो, त्याला तर तो फारच मोठा आहे.

परंतु नोंद येथेच थांबवली तर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. शिस्तीने तोटा कमी झाला असता. त्याचा नफा झाला नसता. शिक्षकाने सोमवारी नेमके काय विकत घेतले होते? बाजार वर जाईल एवढेच त्याचे म्हणणे असते तर शुक्रवारने ते खरे करून दाखवले. त्याने विकत घेतलेले भाकीत याहून पुष्कळ कठीण होते. सोमवारीच सव्वातीन टक्के वाढलेला निर्देशांक पुढच्या तीन दिवसांत आणखी सुमारे दीड टक्का वाढून २३,६०० च्या पलीकडे गेला, तरच त्याला पहिला रुपया मिळणार होता. दिशा, अंतर आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर येणे आवश्यक होते. निकालाच्या आदल्या दिवशी सारा देश उत्कंठेने वाट पाहत होता, ही गोष्ट ऑप्शन विकणाऱ्यालाही ठाऊक होती आणि तिची किंमत त्याने प्रीमियममध्ये आधीच धरलेली होती. वहीत "स्टॉपलॉस लावला नाही" असे लिहिले जाते. "जे घेतले ते कितीला घेतले आणि ती किंमत का दिली" हे सहसा लिहिले जात नाही.

निर्णय आणि निकाल

चिकित्सेतील दुसरा दोष असा की, ती निकालावरून निर्णयाची परीक्षा करते. वास्तविक उत्तम विचार करून केलेला सौदाही बुडू शकतो आणि निव्वळ अंधारात मारलेला दगडही लागू शकतो. मंगळवारी मतमोजणीने उलटे वळण घेतले नसते तर त्याच शिक्षकाचा तोच सौदा कदाचित नफ्यात गेला असता. तेव्हा वहीत कोणती नोंद झाली असती? बहुधा कोणतीच नाही. तोटा झाला की पंचनामा आणि नफा झाला की पेढे, हीच मनुष्याची रीत आहे. योगायोगाने मिळालेल्या नफ्याची चौकशी होत नाही. पुढच्या सौद्यात दुप्पट रक्कम घालण्याचे बळ मात्र त्यातूनच येते. चिकित्सा करावयाचीच असेल तर ती फायद्याच्या सौद्यांचीही तितक्याच कठोरपणे करावयास हवी. तीसुद्धा निकाल लागण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या कारणांच्या आधारे करावी लागेल. निकालानंतर सुचलेली कारणे हा बहुधा स्वतःचाच केलेला बचाव असतो.

मंगळवारच्या दुसऱ्या सौद्याचे मूळ तर मनुष्यस्वभावातच आहे. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त आता सर्वमान्य झाला आहे. फायद्याच्या बाबतीत माणूस सावध असतो. तोट्याच्या बाबतीत मात्र तो निश्चित नुकसान पत्करण्याऐवजी अधिक मोठी जोखीम अंगावर घेण्यास प्रवृत्त होतो. गेलेले पैसे गेले, हे मनाने मान्य केले नाही की हात आपोआप पुढच्या डावाकडे वळतो. शिस्तीचा खरा उपयोग येथे आहे. एका तोट्यानंतर त्या दिवशी दुसरा सौदा करावयाचा नाही, हा साधा नियम अनेक सूक्ष्म तंत्रांपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

अनुभव गुरू ठरतो काय?

चिकित्सेचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. करता करता माणूस शिकतो, हे ते गृहीत. सुतारकाम, शिवणकाम, अध्यापन यांत ते खरे आहे. दोन दिवसांच्या ऑप्शनच्या व्यवहारात ते खरे आहे काय? ब्राझीलमधील तीन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील शेअर निर्देशांकाच्या वायद्यांत २०१३ ते २०१५ या काळात दैनंदिन उलाढाल सुरू करणाऱ्यांचा माग घेतला. त्यांपैकी जे तीनशेहून अधिक दिवस चिकाटीने टिकून राहिले, त्यांच्यातील ९७ टक्के लोक तोट्यात गेले. दिवस वाढले म्हणून कौशल्य वाढले, असा पुरावा त्यांना आढळला नाही. भारतातील चित्र निराळे नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांच्या एकूण तोट्याची रक्कम १.८ लाख कोटी रुपयांवर गेली. खर्च वजा जाता एक लाख रुपयांहून अधिक नफा मिळवणारे केवळ एक टक्का होते. लागोपाठ तोटा सोसूनही तीन चतुर्थांशांहून अधिक लोक व्यवहार करीतच राहिले. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के व्यक्ती तोट्यात होत्या आणि त्या वर्षीचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपयांवर पोचला. आदल्या वर्षी तो ७४,८१२ कोटी होता.

एखाद्या वर्गातील शंभरांपैकी ९१ विद्यार्थी दरवर्षी नापास होत असतील तर कोणताही समंजस शिक्षक त्या सर्वांना बेशिस्त म्हणून मोकळा होणार नाही. तो प्रश्नपत्रिका पाहील. या बाजाराची प्रश्नपत्रिका अशी आहे: ऑप्शनच्या सौद्यात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो. त्यातून दलाली, बाजाराचे शुल्क, सरकारचा कर ही सर्व वजावट दोघांकडूनही होते. उपरोक्त तीन वर्षांत व्यक्तींनी या खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये भरले. २०२३-२४ मध्ये हा खर्च माणशी सरासरी २६,००० रुपये होता. म्हणजे नुसते बरोबरीत राहण्यासाठीसुद्धा इतरांपेक्षा सरस असावे लागते.

समोरच्या बाजूला कोण?

हे इतर कोण आहेत, याचेही उत्तर सेबीच्याच पाहणीत आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी रुपयांचा आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळवला. या नफ्याचा बहुतेक सर्व भाग संगणकाच्या आज्ञावलीने आपोआप होणाऱ्या व्यवहारांतून आला. एका बाजूला दोन तासिकांच्या मधल्या सुटीत भ्रमणध्वनीवर भाव पाहणारा शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला क्षणाच्या सूक्ष्म अंशात निर्णय घेणारी यंत्रणा, असा हा सामना आहे. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जमा करण्यास फर्मावले. मुदत संपण्याच्या दिवशी निर्देशांक हेतुपुरस्सर हलवल्याचा तो आरोप होता व तो समूहाने नाकारला. अंतिम निवाडा काहीही लागो. मुदतीच्या दिवशी झालेल्या प्रत्येक तोट्याचे खापर स्वतःच्या मनोनिग्रहावर फोडणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे की, त्याच्या वहीत न दिसणाऱ्या शक्तीही या पटावर वावरत असतात.

"शिस्त पाळा" हा उपदेश म्हणूनच दुधारी आहे. सौदा करणाऱ्यासाठी तो काही अंशी हिताचा आहे. परंतु सौद्यागणिक दलाली घेणाऱ्यांच्या आणि यशाचे शिकवणीवर्ग चालवणाऱ्यांच्या तर तो पूर्णपणे हिताचा आहे. दोष खेळात नसून खेळणाऱ्यात आहे, असे एकदा ठसले की हरलेला माणूस खेळ सोडत नाही. स्वतःला सुधारून परत येतो. त्याच्या तोट्यातूनच त्याच्या चिकाटीला खतपाणी मिळते.

जुन्या कायद्याची साक्ष

मुंबईला हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीत येथे कंपन्यांच्या समभागांवर मुदतीचे सौदे रंगले. पुढे युद्ध संपल्याची वार्ता आली आणि १ जुलै १८६५ रोजी सौदे पुरे करण्याची वेळ येताच अनेक मातब्बर पेढ्या बुडाल्या. स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने ऑप्शनचे व्यवहार बेकायदा ठरवले. त्या कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली असे बाजारातले देशी शब्द जसेच्या तसे आहेत. ही बंदी १९९५ मध्ये उठली आणि जून २००१ पासून निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले. बंदी उठवण्यामागे तर्क होता. ज्याच्याजवळ मोठा समभागसंच आहे त्याला भाव पडण्याविरुद्ध विमा उतरवता यावा, हा ऑप्शनचा रास्त उपयोग आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि बँक निफ्टीचे २०१६ मध्ये व निफ्टीचे २०१९ मध्ये साप्ताहिक ऑप्शन आले आणि विम्याचे हे साधन आठवड्याच्या सोडतीसारखे वापरले जाऊ लागले.

सेबीने १ ऑक्टोबर २०२४ रोजी कराराची किमान रक्कम १५ लाख रुपयांवर नेली व प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक ऑप्शन ठेवण्याची मुभा दिली. या उपायांमागील हेतू स्वागतार्ह असला तरी नियमांतली विसंगती शिल्लक आहेच. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम समभागांच्या वारंवार खरेदी-विक्रीला सट्टा मानून मनाई करतात. उलट १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने मान्यताप्राप्त बाजारातील वायदे व ऑप्शन यांना सट्ट्याच्या व्याख्येतून वगळले. त्यामुळे अनेकांचा हा व्यवहार कचेरीपासून लपलेला असतो आणि तोटा झाल्यावर तो घरापासूनही लपतो. ज्या हिशेबाकडे दुसरा कोणी पाहत नाही, त्याची तपासणी प्रामाणिक होणे कठीण असते.

वहीचे शेवटचे पान

म्हणून बुडालेल्या सौद्याची चिकित्सा अवश्य व्हावी. मात्र ती पुरी व्हावी. जुने व्यापारी रोजकीर्दीवर समाधान मानीत नसत. ते खतावणी घालीत आणि दिवाळीला ताळेबंद मांडीत. एका सौद्याची नोंद ही रोजकीर्द आहे. त्यातून एवढेच कळते की त्या दिवशी स्टॉपलॉस राहिला, किंवा रागाच्या भरात दुसरा सौदा झाला. पन्नास-शंभर सौद्यांची बेरीज मांडावी, तीत दलाली व कर धरावा, मोबाइलच्या पडद्यावर खर्ची पडलेले तास आणि त्यामुळे मागे राहिलेले काम धरावे, तेच पैसे पोस्टात किंवा निर्देशांकाच्या साध्या फंडात असते तर काय झाले असते तेही शेजारी लिहावे आणि तो कागद घरातल्या माणसांसमोर ठेवावा. हा ताळेबंद होय.

तो मांडल्यावर थोड्या लोकांना असे दिसेल की, आपल्यापाशी खरोखरच काही वेगळे कौशल्य आहे. त्यांनी खुशाल व्यवहार करावा. बहुसंख्यांना मात्र दिसेल की, शिस्त पाळली तेव्हा तोटा हळू झाला आणि मोडली तेव्हा झपाट्याने झाला. त्यांच्यापुरता चिकित्सेचा निष्कर्ष पुढच्या सौद्यासंबंधीचा असू शकत नाही. शिस्त या शब्दात काय करावे याप्रमाणेच काय करू नये याचाही समावेश होतो, आणि आपला नसलेला खेळ वेळीच सोडून उठणे हाही त्याच शिस्तीचा भाग आहे. वहीच्या प्रत्येक पानावर "हा सौदा कसा चुकला?" हा प्रश्न असतो. "हा सौदा करावयाचाच कशासाठी?" हा प्रश्न शेवटच्या पानासाठी राखून न ठेवता पहिल्याच पानावर लिहिला गेला, तर पुढची बरीच पाने कोरी राहतील आणि त्या कोऱ्या पानांइतकी बचत दुसऱ्या कोणत्याही तंत्राने होणार नाही.